बोर्दोच्या खोक्यावरचा गणपती

माळव्यांच्या घरी त्या वर्षी गणपती बोर्दोच्या खोक्यावर बसले होते, आणि हे सुलेखाला कळलं ते नमस्काराला वाकल्यावर.

रविवारची सकाळ होती. आठवडाभर ती कामासाठी फ्रान्सला, वाइनच्या बोर्दोत होती. तिकडे द्राक्षतोडणी सुरू झालेली, त्यामुळे काल चतुर्थीला तिला घरी पोचता आलं नव्हतं. "उद्या पहिल्या विमानानं येते," असं तिनं फोनवर सांगितल्यावर सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. शुभदाबाईंच्या त्या "बरं"मध्ये एवढा उष्मा होता, की तो तारेतून तिकडे पोचला असता तर बोर्दोची निम्मी बाग जागच्या जागी बेदाणा झाली असती.

म्हणून स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला घरी पोचल्याबरोबर सुलेखानं बॅग दारातच सोडली, हातपाय धुतले आणि सरळ देवापुढे डोकं टेकलं. मूर्ती सुबक होती. कुंड्यांतली झेंडूची फुलं खुडून केलेला हार होता, जरीचा काठ होता. आणि त्या काठाच्या खाली, तिच्या कपाळापासून चार बोटांवर, लाकडात डागून काढलेलं एक चित्र होतं. दोन मनोऱ्यांचा वाडा, पुढे फाटक, आणि फाटकाखाली अक्षरं. शातो कासमोरेल.

नमस्कार जरा लांबलाच. शुभदाबाईंना वाटलं, पोरीला पश्चात्ताप झालाय.

"आई," सुलेखा तशीच गुडघ्यावर बसून म्हणाली, "हे खोकं..."

"छान आहे ना? तुमच्या त्या केलरमध्ये, तळघरात, सापडलं. शार्दूल म्हणत होता, घडीचं टेबल घे. देवाला काय घडीच्या टेबलावर बसवायचं? मग खाली जाऊन शोधलं. चांगलं लाकूड आहे हो. पालथं घातलं की चौरंगच."

"यात बाटल्या होत्या."

"होत्या ना. बाराच्या बारा सुखरूप आहेत. बाल्कनीत."

सुलेखा बाल्कनीत गेली. बारा बाटल्या उन्हात ओळीनं उभ्या होत्या, आणि अशा लखलखत होत्या की समोरच्या इमारतीतली म्हातारी डोळ्यांवर हात धरून बघत होती. शुभदाबाईंनी आयुष्यात एकही बाटली घाण ठेवून पुढे जाऊ दिली नव्हती. येवल्याच्या घरात औषधाची, मधाची, सॉसची कुठलीही बाटली आली, की ती गरम पाणी, सोडा आणि तारेची घासणी या तिन्हींतून जायची आणि पलीकडे कोकमाची किंवा लिंबाच्या सरबताची होऊन निघायची. या बाराजणीही तशाच निघाल्या होत्या. टोपणं तेवढी घट्ट होती म्हणून शाबूत राहिली होती. लेबल एकीवरही नव्हतं. बादलीच्या तळाला कागदाचा लगदा बसला होता. त्यातून एक सोनेरी मनोरा अर्धवट वर डोकावत होता.

"काल मंडळाची माणसं दर्शनाला यायची होती," मागून शुभदाबाई सांगत होत्या. "खुर्च्या आणायला कुणी खाली गेलं असतं तर समोर काय, तर दारू. तीसुद्धा नाव-गाव-पत्ता लावून. म्हटलं, घरात देव बसतोय, निदान नाव तरी काढून टाकावं. नाव नसलं की कोण म्हणतंय दारू? सरबतच की."

सुलेखाला ओरडायचं होतं, पण त्याहून वाईट म्हणजे तिला सासूबाईंचं म्हणणं पटलं होतं. चौदा वर्षं वाइनच्या धंद्यात काढून तिला जे कळलं होतं, ते या बाईंनी तारेच्या घासणीनं एका दुपारी सिद्ध करून दाखवलं होतं. नाव काढलं की सरबतच.

तिनं बाटल्या एकेक करून सावलीत आणल्या आणि आडव्या ठेवल्या.

आता हे खरं, की बाटल्या तिच्या नव्हत्या. म्हणजे पैसे तिनं घातले होते, पण सौदा हेर फ्लायडरर यांच्याशी झाला होता. त्सुफेनहाउझेनला त्यांचा स्क्रूचा कारखाना होता. तो त्यांनी विकला होता आणि आता ते फक्त वाइन जमवत होते. ते आज चार वाजता न्यायला येणार होते. सुलेखा ज्या आयात कंपनीत खरेदीला होती, तिथं असली जुनी वाइन ठेवत नसत. म्हणून रीतसर परवानगी काढून तिनं हा पहिला सौदा स्वतःच्या नावावर केला होता. पहिला आणि निर्णायक. तिला नोकरी सोडून स्वतःची पेढी काढायची होती. राजीनाम्याचा कागद तयार होता. पण नवऱ्यानं, शार्दूलनं, अट घातली होती: आधी एक सौदा पुरा करून दाखव. शार्दूल गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घ्यायचा. कुठलीही गोष्ट नीट थांबते की नाही हे बघितल्याशिवाय ती सुरू करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यानं घोड्याचा लगाम दोनदा ओढून बघितला होता असं म्हणतात. घोडा लाकडी होता, फोटोवाल्याचा, तरी.

शार्दूल पूजेची भांडी पुसत होता. त्यानं बाल्कनीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि फडकं खाली ठेवलं.

"काल मी दिवसभर प्लांटला होतो," तो म्हणाला. "इमर्जन्सी टेस्ट होती. मला कळलंच नाही. आल्झो... तर मग... आता?"

"आता काय," सुलेखा म्हणाली, "आता चार वाजतील."

दिवाणखान्यात सगळे जमले. आरामखुर्चीत श्यामकांत माळवे, शार्दूलचे वडील. येवल्याला पन्नास वर्षं पैठण्या विकून आता ते वर्षातले सहा महिने जर्मनीत थापा विकत. त्यांच्याशेजारी शिवांगी, थोरली जाऊ. ती म्युनिकहून गणपतीला आली होती. नवरा देवदत्त ऑफिसच्या कामात अडकल्यामुळे ती एकटी, आणि एकटी असली की जरा जास्तच मोकळी. सुलेखाच्या पेढीला पहिल्यापासून ती "तुझा गुत्ता" म्हणत असे. हसून म्हणे, म्हणून जास्त लागे.

"पण मला एक समजावून सांग," श्यामकांत म्हणाले. "आतला माल जशास तसा आहे?"

"आहे, बाबा. थोडं ऊन लागलंय, पण एका दिवसात काही होत नाही."

"झाकण शाबूत?"

"शाबूत."

"मग बिघडलं काय?"

"भाव बिघडला."

"केवढ्याची होती एक?"

"दोनशे ऐंशी युरो."

शुभदाबाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला, तो सुटला नाही म्हणून नव्वदनं न करता शंभरनं केला, आणि त्या पाटावर बसल्या. म्हणजे आधी बसल्या आणि मग खाली पाट आहे का ते पाहिलं.

"एका बाटलीला? अगं, त्यात घालतात तरी काय?"

"द्राक्षं," सुलेखा म्हणाली. "दोन जातींची. तोडायची, देठं काढायची, टाकीत आंबवायची. मग ओकच्या नव्या पिंपात वर्ष-दीड वर्ष ठेवायची. पिंप उडतं, म्हणजे आतली वाइन थोडी हवेत जाते, म्हणून ते सारखं वरपर्यंत भरत राहायचं. मधेच गाळ खाली बसला की वरची काढून दुसऱ्या पिंपात. शेवटी निवळायला अंड्याचा पांढरा बलक..."

तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"काय घालतात?"

"पूर्वीची पद्धत आहे ती, आई. एका पिंपाला पाच-सहा अंडी. गढूळपणा त्याला चिकटून तळाशी जातो आणि सगळं काढून टाकतात. बाटलीत काही राहत नाही."

"ऐकलंत?" शुभदाबाई नवऱ्याकडे वळल्या. "काल मी सोवळ्यात अंडी घासली! दारूचं एक वेळ समजू शकते, फळाचीच आहे. पण अंडं!" त्या उठल्या, हात धुऊन आल्या, परत बसल्या, आणि दोन मिनिटांनी परत धुऊन आल्या.

"पण हे सगळं करून खर्च किती येतो?" श्यामकांतांनी धंद्याचा धागा सोडला नाही.

"पिंप, मजुरी, बाटली, बूच, सगळं धरून तीस. फार तर पस्तीस."

"आणि वरचे दोनशे पंचेचाळीस?"

"ते नावाचे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या दलालांनी वाइन बनवणाऱ्या घराण्यांची प्रतवारी लावली, ती जवळपास अजून तशीच आहे. जी घराणी बाहेर राहिली त्यांनी आपापलं नाव वेगळ्या वाटेनं मोठं केलं. कासमोरेल त्यांतलं. आणि हे लोक स्वतः गिऱ्हाइकाला विकत नाहीत, बाबा. मधे दलाल, मग पेढीवाले, मग आम्ही. वाइन अजून पिंपात असते तेव्हाच वसंतात चाखणारे येतात, गुण देतात, आणि मग घराणं भाव सांगतं. पहिल्यांदा थोडाच माल सोडतात. तो उडाला की पुढचा चढ्या भावानं. माल न दिसताच लोक पैसे मोजतात, बाटली दोन वर्षांनी हातात येते. जी टाकी मनासारखी उतरली नाही, ती धाकट्या लेबलाखाली जाते, निम्म्याहून कमी भावात. वेल तेच, माती तीच, माणसं तीच."

श्यामकांतांचे डोळे असे चमकले की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"अगं, हा तर आपलाच धंदा! माझ्या दुकानात एक पैठणी होती. पदरावरचा पोपट इतका हुबेहूब, की शेजारचं मांजर रोज त्याच्यावर टपून बसायचं. गिऱ्हाईक आलं की मी पैठणी दाखवायचोच नाही, मांजर दाखवायचो. म्हणायचो, हे कशाकडे बघतंय ते तुम्हाला परवडणार नाही. चढत चढत भाव कुठच्या कुठे गेला. शेवटी त्या मांजराला मी महिना दूध बांधून दिलं."

"मागच्या वर्षी ते मांजर नव्हतं, मोर बघून नाचणारी लांडोर होती," शार्दूल म्हणाला.

"ती दुसरी पैठणी."

"अहो, पोरीचं नुकसान झालंय आणि तुम्ही मांजरं काय सांगताय!" शुभदाबाई कळवळून म्हणाल्या. घरात पहिल्यांदाच त्यांनी सुलेखाच्या धंद्यातल्या नुकसानाला नुकसान म्हटलं होतं. एरवी त्या त्याला "कर्म" म्हणत.

मग शिवांगीनं कप खाली ठेवला.

"मी एक बोलू? त्या कासमोरेलचं लेबल इंटरनेटवर आहे. आत्ताच बघितलं, एकदम स्पष्ट. मी म्युनिकला दिवसभर काय करते? खोकी आणि लेबलंच डिझाइन करते ना? जाड कागद माझ्या बॅगेत आहे, नमुन्यांचा. सोनेरी रंग जरा कमी उठेल, पण जुनी वाइन आहे, उठू नयेच. तीन वाजेपर्यंत बारा लेबलं लावून देते. चहाच्या पाण्यात बुडवून काढली की केलरमध्ये वीस वर्षं पडल्यासारखी."

सुलेखानं जावेकडे पाहिलं. "गुत्ता" म्हणणारी हीच, आणि सगळ्यांत आधी कमरेला पदर खोचून उभी राहिलेलीही हीच.

"वहिनी, ते खोटं होईल."

"खोटं काय त्यात? आतली वाइन कासमोरेलचीच आहे ना? मग वर कासमोरेलच लिहायचं. कोकम भरून लिहिलं असतं तर खोटं."

"बरोबर आहे तिचं," शुभदाबाई म्हणाल्या. "माझ्याकडून पुसलं गेलं, तिनं परत लिहिलं. झालं."

"गेनाऊ! अगदी हेच!" शिवांगी म्हणाली.

श्यामकांत चष्मा पुसत बसले. थापा मारणारा माणूस गप्प बसला की घरातलं घड्याळसुद्धा ऐकू येतं.

"शार्दूल?" सुलेखानं विचारलं.

तिला वाटलं तो "नको" म्हणेल. कायद्याचं नाव काढेल, विम्याचं काढेल. पण तो म्हणाला, "मला तुझा सौदा व्हायला हवाय. गेलं वर्षभर तू त्यासाठी झोपेत फ्रेंच बोलतेयस. मी अट घातली नसती तर आज तुला हा प्रश्नच पडला नसता. त्यामुळे मी काही सांगत नाही. तू करशील त्यात मी आहे."

याचा तिला काही उपयोग नव्हता. सासू, जाऊ एका बाजूला, नवरा कुठल्याच बाजूला नाही, सासऱ्यांचं मांजर झालेलं. ती उठून बाल्कनीत गेली आणि एक बाटली हातात घेतली. काच गुळगुळीत होती. आत काय आहे ते तिला माहीत होतं. अगदी कुठल्या उतारावरचं, कुठल्या सालातलं, तेही. पण ते आता फक्त तिलाच माहीत होतं. शिवांगीचं लेबल लावलं तरी ते फक्त तिलाच माहीत असणार, आणि फ्लायडररना माहीत असणार ते शिवांगीचं लेबल. उद्या तिची पेढी निघाली तर तिला काय विकायचं होतं? अजून पिंपात असलेली, कुणाला न दिसणारी वाइन. लोकांनी तिच्या तोंडाकडे बघून पैसे मोजायचे होते.

तिनं फोन लावला. खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, जर्मनमध्ये, तिनं सांगितलं: हेर फ्लायडरर, घरात गणपतीचा सण आहे, माझ्या सासूबाईंनी बाटल्या धुतल्या, लेबलं गेली, खोकं देवाच्या आसनाला लागलं आहे आणि संध्याकाळपर्यंत हलवता येणार नाही. तुम्ही आला नाहीत तरी मी समजू शकते.



"देवाच्या आसनाला?" पलीकडून आवाज आला. "आल्झो. मी येतो."

चारला बेल वाजली. जर्मन माणूस चारला म्हणजे चारलाच येतो असं सगळे म्हणतात. फ्लायडरर पाच मिनिटं आधीच आले होते आणि चार वाजेपर्यंत दाराबाहेर उभे होते, हे समोरच्या म्हातारीनं नंतर सांगितलं. उंच, वाकलेले, अठ्ठ्याहत्तरीचे. बूट काढले तर एका मोज्याला भोक. कारखाना विकून कोट्यवधी मिळवलेला, या काटकसरी मुलखातला श्वाबी म्हातारा, पण मोजा टिकतोय तोवर टाकायचा नाही.

ते आधी गणपतीपुढे गेले. चष्मा लावून खाली वाकले आणि खोक्यावरचा वाडा बारकाईनं बघितला. शुभदाबाईंना वाटलं, नमस्कार करतोय. त्यांनी लगेच प्रसादाचा मोदक पुढे केला.

मग त्यांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली, आतल्या वाइनची पातळी पाहिली, टोपण पाहिलं.

"काहीही असू शकतं यात," ते म्हणाले.

"असू शकतं," सुलेखा म्हणाली. "बुचावर नाव आणि साल छापलेलं असतं. पण ते बघायला बाटली उघडावी लागेल."

"आणि उघडली की ती कुणालाही विकता येत नाही."

"नाही."

"उघडा," फ्लायडरर म्हणाले.

खोलीत सगळे पुढे सरकले. बूच हळूहळू वर आलं, लांब, काळपट-जांभळं, आणि त्याच्या अंगावर तो दोन मनोऱ्यांचा वाडा, नाव आणि साल. घासणी तिथवर पोचली नव्हती. शिवांगीनं सुटकेचा असा निश्वास टाकला की निरांजन हललं.

घरात वाइनचे पेले चारच होते. श्यामकांतांनी स्टीलची वाटी पुढे केली. वाइन पेल्यांत उतरली तेव्हा खोलीत ओल्या मातीचा, सुक्या अंजिराचा आणि कुठल्यातरी जुन्या कपाटाचा वास पसरला. फ्लायडररनी घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. शुभदाबाईंनी शार्दूलला कोपरानं ढोसलं.

"अरे, बघ ना, श्वास चालू आहे का?"

"फ्राऊ माळवे," म्हातारा डोळे उघडून सुलेखाला म्हणाला, "माझ्या केलरमध्ये याच वाइनच्या नव्वद बाटल्या आहेत. वीस वर्षांत मी एकही उघडली नाही. उघडावी म्हटलं की भाव वाढलेला असायचा. ही मी पहिल्यांदा पितोय."

"कशी आहे?"

"चांगली आहे." त्यांनी विचार केला. श्वाबी माणसाच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि त्यांच्यातला कारखानदार उठून बसला. "तर व्यवहार. लेबल नाही, खोकं देवाचं झालं. राहिली फक्त वाइन. वाइनचा भाव काय? पिंपं, मजुरी, बूच. मी चाळीस देतो. अकरा बाटल्यांचे."

शार्दूलनं श्यामकांतांच्या कानात मराठी केलं, आणि शुभदाबाईंच्या कानावर ते पोचलंच.

"दे, दे टाकून!" त्या कुजबुजल्या. "बिनानावाच्या मालाचे चाळीस मिळतायत. वर पाच मोदक देते बांधून."

सुलेखानं बाटल्यांकडे पाहिलं. चारशे चाळीस युरो. सौदा होईल. नुकसानीत, पण होईल. शार्दूलची अट "सौदा पुरा कर" एवढीच होती, कितीला ते त्यानं म्हटलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली:

"नाही, हेर फ्लायडरर. चाळीसला नाही."

"मग कितीला?"

"या बाटल्या मी विकतच नाही. तुमच्याशी माझं ठरलं होतं ते बारा बाटल्या, लेबलासह, खोक्यासह. तुम्हाला त्या मिळतील. नाताळच्या आत, ठरलेल्याच भावात. फरक माझा. पण चाळीसला कासमोरेल विकली तर उद्या स्टुटगार्टभर होईल, की सुलेखा माळवेकडे कासमोरेल चाळीसला मिळते. ती वाइन बनवणारेही वाईट वर्षी भाव पाडत नाहीत. तळघरात ठेवतात. मला तळघर आहे."

शार्दूलनं भाषांतर करायला तोंड उघडलं. श्यामकांतांनी हात वर करून त्याला थांबवलं. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण गिऱ्हाइकापुढे गठ्ठा परत बांधायला घेतलेला हात त्यांना कुठल्याही भाषेत कळला असता.

"भाव धरला," ते हळूच म्हणाले. "धरला गं पोरीनं."

फ्लायडरर पेल्यात उरलेल्या वाइनकडे बघत होते. "तुम्ही सकाळी फोन का केलात? मी इथं येऊन बघितलंच असतं."

"येऊन बघण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

"हम्." त्यांनी मोदकाची कळी मोडली, तोंडात टाकली, चावत राहिले. "तिकडे यंदाची तोडणी कशी आहे?"

"ऊन उशिरा आलं. कमी निघेल. पण जे निघेल ते चांगलं निघेल असं वाटतं. नक्की सांगत नाही. वसंतात पिंपातून चाखल्यावर सांगेन."

"वसंतात चाखा आणि माझ्यासाठी दोन खोकी धरा. कुठल्या घराण्याची ते तुम्ही ठरवा. अर्धे पैसे मी या आठवड्यात पाठवतो."

"अजून टाकीतसुद्धा गेलेली नाहीत ती द्राक्षं."

"म्हणून तर तुमच्याकडून घेतोय," फ्लायडरर म्हणाले. "माझ्या मुलाला वाइन दिसली तरच विश्वास बसतो; मला सांगणारं माणूस दिसलं की पुरे. बाटल्या येतील तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेल. तेव्हा जरा जपून चाखा, पुढे माझ्याजवळ बदलून घ्यायला वेळ नाही."

उघडलेली बाटली त्यांनी सोडली नाही. बूच परत बसवून, बगलेत धरून घेऊन गेले. तिचे दोनशे ऐंशी मात्र दारात उभं राहून, नोटा दोनदा मोजून, पूर्ण दिले. ती त्यांनी प्यायली होती ना.

दार लागलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. शिवांगी म्हणाली, "तरी माझं लेबल चांगलं झालं असतं," आणि मग म्हणाली, "तुझ्या पेढीचं करते. फुकट. पण गुत्ता असं लिहिणार खाली, बारीक अक्षरात." श्यामकांत येवल्याला फोन लावून बसले होते. तिथं एव्हाना बाटल्या बाराच्या बाराशे झाल्या होत्या आणि जर्मन म्हातारा सुनेच्या पायाशी रडत होता.

शार्दूल कपाटाकडे गेला. वरच्या कप्प्यातून त्यानं तो कागद काढला, राजीनाम्याचा, आणि सुलेखापुढे टेबलावर ठेवला. पेनही ठेवलं.

"पण सौदा पुरा झाला नाही," ती म्हणाली. "उलट तीन हजारांचं नुकसान आहे. तू म्हणाला होतास..."

"मला तू थांबू शकतेस का ते बघायचं होतं," शार्दूल म्हणाला. "चाळीसला थांबलीस. बस झालं."

सुलेखानं सही केली. कागदाची घडी घालणार तोच शुभदाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला.

"थांब. असा कोरडा नाही जायचा."

त्यांनी तो देवापुढे ठेवला. हळदीत बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं, आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांना एकेक बोट लावलं. वर एक अक्षता टाकली. ती घसरून सहीपाशी अडकली.

"आई, तो कंपनीच्या पर्सोनाल ऑफिसात, एचआरमध्ये, जायचाय," शार्दूल म्हणाला. "जर्मन माणसं आहेत. त्यांना काय वाटेल?"

"वाटू दे," शुभदाबाई म्हणाल्या. "आपल्या घरातून धंद्याचा कागद बाहेर पडतोय. वाचतील त्यांनाही कळू दे, मागे माणसं आहेत म्हणून." मग सुनेकडे वळून, आवाज खाली आणून, "अंड्याचं तेवढं मात्र बघ हं. ज्यात अंडं घालत नाहीत असं एखादं घराणं शोध. मंडळातल्या बायकांना मी सांगेन."